थांबा असं लिहिलं नव्हतं

अकोला,
९ एप्रिल २००६

चि. केदार,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "ताई, मी कोर्टात आहे" म्हणतोस, रविवारीसुद्धा. म्हणून हे पत्र. फेकून द्यायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकणारा वकील अमरावतीत अजून जन्माला यायचा आहे.

आमची पंपाची कंपनी होळीच्या आधी बंद झाली. खेड्यापाड्यांतली कृषी केंद्रं एकामागून एक शटर ओढून बसली आहेत, तिथं फवारणीचे पंप घेणार कोण? गावोगाव औषध पिऊन गेलेल्यांच्या बातम्या तूही वाचतोसच. शेवटच्या वर्षी वरून मला एकच हुकूम होता, पंपाच्या माहितीपत्रकात औषधाबद्दलचा इशारा आणखी मोठ्या अक्षरात छापा. मी छापला. कोणाच्या घरात तो वाचला गेला आणि कोणाच्या नाही, हे विचार दुपारी झोपू देत नाहीत.

तर आता मी गोष्टी लिहायला शिकते आहे. हस हवं तर. "आमची ताई लेखिका आहे, 'झाकण घट्ट लावा' हे तिचंच," असं तू तुझ्या लग्नात पाहुण्यांना सांगत फिरला होतास, ते विसरलेली नाही मी. इथं वाचनालयात रविवारी सकाळी गयासुद्दीन सर कथेचा वर्ग घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेत. माझी पहिली गोष्ट वाचून म्हणाले, "बाई, तुमचा माणूस खुर्चीत बसते ते बरोबर कळते. काऊन बसते ते काही कळत नाही." वर्गातली पोरं हसली. मला राग आला, कारण खरं होतं. आयुष्यभर मी 'करा' आणि 'करू नका' एवढंच लिहिलं. 'का' लिहायला जागाच नसायची.

गोष्ट बाबांची आहे. वाचायचं थांबवू नकोस. दिवाळीत आपलं जे झालं ते मी उगाळत नाही, पण माझी बाजू एकदा नीट ऐक. बाबा मूर्तिजापूरहून कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले आणि आले नाहीत, त्याला कार्तिकात बारा वर्षं झाली. बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हे शास्त्र तू मला सांगितलंस. तुझ्या निनादच्या मुंजीत आजोबांचं नाव जिवंतांत घ्यायचं की गेलेल्यांत, हे भटजींना कळायला हवं, हेही सांगितलंस. मी म्हटलं, पानांच्या बाहुल्याला मी बाबा म्हणणार नाही आणि त्यापायी आईचं कुंकू पुसू देणार नाही. तपासून पाहिल्याशिवाय एक ओळ मी कधी छापायला दिली नाही. बाबा गेले, हे तपासलंय कोणी?

माझ्या गोष्टीत ते परत येतात. एवढंच.

आता कोणाला तरी वाचायला द्यायची म्हणते, आणि नत्थुजींशिवाय दुसरं नाव सुचत नाही. आमच्या गेटवरचे वॉचमन. चौथी पास. शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात. नवं माहितीपत्रक छापायच्या आधी मी ते त्यांच्या हातात द्यायची, पंप समोर ठेवायची आणि गप्प बसायची. लिहिलंय तेवढं ते करायचे, पदरचं काही घालायचे नाहीत. शिकलेला माणूस चुकीची सूचना मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, मग चूक सापडतच नाही. मी 'हात साबणाने धुवा' लिहिलं, तर नत्थुजींनी हातमोज्यांसकट धुतले. हातमोजे काढा असं मी लिहिलंच नव्हतं. एकदा 'दांडा वर-खाली करा' इथवर आले आणि मला साहेबांनी आत बोलावलं. जेवणाची सुट्टी होऊन गेली, बाहेर येऊन पाहते तर हा माणूस घामानं निथळत दांडा हलवतोच आहे. मी ओरडले, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "थांबा असं नोतं लिवलं बाई." तेव्हापासून प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'थांबवणे' हा भाग मी कधी चुकवला नाही.

आई बरी आहे. डोळ्यांना आता आकारच दिसतात. निनादला आशीर्वाद.

तुझी ताई


अकोला,
२३ एप्रिल २००६

चि. केदार,

कार्ड मिळालं. "प्रकृतीस जपणे. विधीची तिथी ठरली की कळवतो." एवढा मजकूर तर तुझा कारकूनही लिहून देईल. असो, अक्षर तुझं होतं.

नत्थुजींनी गोष्ट वाचली.

आधी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फार नाही त्यात. भर दुपारी मास्तर, म्हणजे आपले बाबा, घरी येतात. चपला दाराबाहेर काढतात. पाणी मागतात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि म्हणतात, उन्ह फार झालं. घरातले त्यांच्याकडे बघत राहतात. संपली.

मंगळवारी दुपारी भारनियमन सुरू होतं. कूलर बंद, पंखा बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मी दार उघडं टाकून बसले होते. नत्थुजी आले. चपला दाराबाहेर काढल्या. "पाणी द्या," म्हणाले. मी दिलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "उन्ह फार झालं."

मला हसू आलं. म्हटलं, "नत्थुजी, ही गोष्ट आहे. पंपाचं पत्रक नव्हे. हे करायचं नसतं, नुसतं वाचायचं असतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी. "मंग लिवलं कायले?"

हाच प्रश्न मी गयासुद्दीन सरांना विचारला, ते नुसते दाढी खाजवत बसले.

इथपर्यंत गंमतच होती, आणि पत्र इथं संपवलं असतं तर तूही हसला असतास. पण एक राहिलं. नत्थुजी आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी होती. इतक्या वर्षांत मी त्यांना टोपीत पाहिलेलं नाही, गेटवर ते रुमाल गुंडाळून असायचे. आत आल्या आल्या त्यांनी टोपी काढली, न बघता हात दारामागे नेला आणि सोडली. टोपी जमिनीवर पडली. तिथं खुंटी नाही, केदार. या घरात नाहीच. मूर्तिजापूरच्या घरात होती, बाबांच्या टोपीची, दारामागे, बरोबर त्या उंचीवर. नत्थुजी मूर्तिजापूरच्या घरी कधी आलेले नाहीत आणि माझ्या गोष्टीत टोपी हा शब्दच नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचून पाहिली.

ते गेल्यावर आईनं आतल्या खोलीतून विचारलं, "कोण होतं ग?"

"नत्थुजी."

"बरं." आणि थोड्या वेळानं, "टोपी उचलून दिलीस का त्यांना?"

आतल्या खोलीतून दार दिसत नाही. तिला तर समोरचंही दिसत नाही.

टोपी पडल्याचा आवाज झाला असेल. कापडाच्या टोपीचा होतो का आवाज? तू वकील आहेस, तूच सांग.

तुझी ताई


अकोला,
७ मे २००६

चि. केदार,

तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरंच केलंस. पाठवलं असतंस तर मी तुझं ऐकलं असतं, आणि मला ऐकायचं नव्हतं.

मी गोष्ट पुढे लिहिली. आणि वाचायला दिली. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तेव्हाच दुसरा भाग नत्थुजींच्या खिशात होता. झालं सांगून. मला बाबा हवे होते, केदार. तुला नको होते का?

दुसऱ्या भागात मी लिहिलं होतं की मास्तर येतात आणि घरातल्या बाईशी चार शब्द बोलतात. कोणते शब्द, ते मला सुचत नव्हते, म्हणून जागा मोकळी सोडली. नत्थुजी दुपारी आले, खुर्चीत बसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "सरकार, जागे आहात काय?"

आईला सरकार कोण म्हणायचं हे तुला सांगायला नको.

आई बाहेर आली. इस्त्रीची साडी नेसून, भिंत धरत. मी म्हणाले, आई, हे नत्थुजी आहेत. "मला कळत नाही का? अंग नत्थुजींचं आहे," ती म्हणाली आणि समोरच्या मोढ्यावर बसली. मग ते दोघं बोलत राहिले. शकुंतला गाडी आज मूर्तिजापुरातून वेळेवर सुटली म्हणून, शेजारच्या सूर्यभानच्या गाईला वासरू झालं म्हणून. सूर्यभान जाऊन किती काळ लोटला! आई हसली, केदार. मोठ्यानं. तिचं हसणं कसं होतं हे मी विसरूनच गेले होते.

त्यानंतर मी लिहीतच गेले आणि ते येतच गेले. दुपार झाली की आई केस विंचरून बसते. वर्गात मी तो भाग वाचला तेव्हा गयासुद्दीन सरांनी ते कागद मागून घेतले आणि पुन्हा वाचले. मग म्हणाले, "आता माणूस आला बाई तुमच्या गोष्टीत. कुठून आणला?" इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि कुठून ते न सांगता मी कागद आवरले.

आता रेती. ते उठून गेले की खुर्चीखाली रेती सापडते. आपल्याकडची माती तुला माहीत आहे, काळी, हाताला चिकटणारी. ही पांढरी, जाडसर, चमकणारी. नदीची. मोर्णा इथं जवळ आहे खरी, पण उन्हाळ्यात तिच्यात गाळाशिवाय काय असतं? मी रोज झाडते, पुडीत बांधते. त्यातली चिमूटभर या पाकिटात घातली आहे. तुला मुद्दाम, कारण बाबांना शोधायला कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठानं तू फिरला होतास, मी नाही. परत आलास तेव्हा पँटच्या दुमडीतून रेती सांडली होती आणि तू जेवला नव्हतास. काय पाहिलंस, काय नाही, कधी बोलला नाहीस. तेव्हापासूनच तुझ्या मनात बाबा गेलेले आहेत, आणि त्याचाच मला राग होता. ही रेती तिथली आहे का, एवढंच सांग.

काल नत्थुजींची बायको केशरबाई आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, माह्या मानसाले काय केलं तुमी? घरी येते त पावन्यावानी बसते. मले 'बाई' म्हनते. नातवाले पाहून म्हनते, हा कोनाचा पोरगा व? रातभर पाय घासून राहिला, म्हनते रेती हाय. मी काई भांडाले नाई आली. हात जोडाले आली. त्याले वापस द्या."

मी म्हटलं, "केशरबाई, ते नुसतं वाचतात हो."

"मंग वाचाले देऊ नका."

मी मान डोलावली. पुढच्या भागाचे कागद तेव्हा माझ्या मांडीखाली होते. मी हलले नाही.

तुझी ताई


अकोला,
१९ मे २००६

केदार,

तुझ्याकडे फोन लावला, तुझा ज्युनियर म्हणाला साहेब नागपूरला गेलेत. म्हणून लिहिते आणि गाडीनं येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवते. हे वाचलंस की उभ्याउभ्या फोन कर.

तुझं छापील पत्र आलं. "कै. कमलाकांत यांचा पर्णदाहविधी वैशाख अमावास्येला श्रीक्षेत्र कौंडण्यपूर येथे." बाबांच्या नावामागे 'कै.' पाहून मी रागानं ते टेबलावर टाकलं आणि आत गेले. तेवढीच चूक झाली. नत्थुजी येऊन बसले होते. समोर कागद असला की ते वाचतात, तो कोणाचा आहे हे बघत नाहीत. स्वयंपाकघरात मला ओठांचा आवाज ऐकू आला. "कै... कमला... कांत." मी धावत बाहेर आले तोवर त्यांनी वाचून संपवलं होतं. कागदाची घडी घातली. खुर्चीतून उठले. जमिनीवर दक्षिणेकडे पाय करून आडवे झाले, हात सरळ ठेवले आणि डोळे मिटले.

तेव्हापासून उठलेले नाहीत. श्वास आहे, पण आरसा धरला तर कळेल इतकाच. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, ऊन लागल्याची खूण नाही, म्हणाले आज उठले नाहीत तर उद्या भरती करा. केशरबाई उशाशी बसली आहे. रडत नाही, माझ्याकडे बघत नाही.

मला जे येतं ते मी करून पाहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं: डोळे उघडा. उठून बसा. पाणी प्या. कानाशी वाचून दाखवलं, परत परत. पापणी हलली नाही. मी लिहिते ते नत्थुजी करतात. ते कागद नत्थुजींसाठी होते, आणि आत नत्थुजी नाहीतच.

मी एका जिवंत माणसाचा पुतळा केला, केदार. तुझा पानांचा तरी असणार.

शास्त्र तुला माहीत आहे. यातून मागे कसं यायचं, ते सांग.

ताई


अकोला,
२४ मे २००६

चि. केदार,

त्या दिवशी तुझा फोन आईनं घेतला आणि मी तिच्या खांद्याशी कान लावून उभी होते, हे तुला कळलं नसेल. तू म्हणालास, "आई, ती रेती तिथलीच आहे. मी हातात घेऊन पाहिली." आणि मग आईनं जे विचारलं त्याचं उत्तर तू पोथी न उघडता दिलंस, म्हणजे तूही ते कधीतरी शोधून ठेवलं होतंस. पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर काय करायचं? त्याला तुपानं माखायचं, न्हाऊ घालायचं आणि आत्ताच जन्मल्यासारखं नाव ठेवायचं. बाबा परत आले तर काय करायचं, हे तू शोधून ठेवलं होतंस. तुला मी इतके दिवस काय काय बोलले.

पुढचं घडलं ते फोन ठेवल्यावर. आता सांगते.

आईनं तूप आणवलं. तिनं आणि केशरबाईनं मिळून नत्थुजींना माखलं, कोमट पाण्यानं अंग पुसून काढलं. मग आई केशरबाईला म्हणाली, "आता याच्या कानात याचं नाव सांग."

केशरबाई मागे सरकली. "मले नाई जमत."

"अहो, का?"

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ तोंडानं? जिंदगीत नाई घेतलं. आमच्यात नाई घेत."

"मग मी घेते," मी म्हटलं.

आई माझ्यावर इतक्या जोरात कधी ओरडली नव्हती. "तू गप्प बैस! तुझ्या शब्दानं तो गेला. आणायचा असेल तर तिनंच आणायचा."

केशरबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. बाळाच्या बारशाला करतात तसं त्यांच्या कानाशी वाकली. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग "कुर्र" आणि मग अगदी हळू, लाजत, "नत्थू." एकदा तोंडातून निघाल्यावर मग ती थांबेचना. "नत्थू, नत्थू, उठ ना रे बापा, नत्थू."

नत्थुजींनी डोळे उघडले. बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "काऊन बोंबलून राहिली व? कोन मेलं?"

केशरबाईनं त्यांच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि मग रडली. मीही रडले. आई तेवढी रडली नाही. ती खुर्चीकडे तोंड करून बसली होती.

पाणी पिऊन झाल्यावर नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं. "ते मास्तर गेले काय?"

"कोण मास्तर?" मी विचारलं.

"मह्या बाजूले बसून होते ना. धोतर गुडघ्यालोक वलं. थंडीनं कुडकुडत होते बिचारे, एवढ्या उन्हात." त्यांनी जरा आठवून पाहिलं. "तुमचंच सांगत होते बाई. म्हने, पोरीले सांगजा. तिनं लिवलं का मले या लागते. तिकून लय दूर पडते. पाय दुखतात, पन काय करू, थांबा असं तिनं कुठी लिवलंच नाई."

केदार, हे वाक्य मी त्यांना दिलेल्या कोणत्याही कागदावर नाही.

आणखी एक सांगितलं त्यांनी. मास्तर घाटावर उभे होते, एक म्हातारी शेवाळ्यावरून घसरली, तिला हात दिला. म्हातारी वर आली. नत्थुजींनी हे पंपाची टाकी भरल्यासारखं, साध्या आवाजात सांगितलं आणि मग चहा मागितला. खरं की खोटं, मला तपासता येणार नाही. पण बाबा हात देणारच, एवढं तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

आई उठली, भिंत धरत आत गेली. संध्याकाळी मला बोलावून म्हणाली, "अमावास्येला जायचं. केदारला कळव. कुंकू मी घाटावर माझ्या हातानं पुसीन. त्याआधी कोणी त्याला हात लावायचा नाही, आणि कोणी मला समजवायचंही नाही." मग थोडं थांबून, "एवढ्या लांबून पायी यायचे ग ते. आणि मी हसत बसायची."

तेव्हा आम्ही शुक्रवारी दुपारच्या बसनं निघतो. स्टँडवर ये. पळसाची पानं तू आणलीच असशील, बांधायला मी बसेन. पुतळ्याचे हात मला बांधू दे.

गोष्टीचे सगळे कागद घेऊन येते आहे. ते पुतळ्याबरोबर अग्नीत ठेव. गयासुद्दीन सरांना सांगितलं की ही गोष्ट छापायची नाही, तर त्यांनी का म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "शेवट जमला काय?" मी म्हटलं, आज बसते लिहायला.

काल दुपारी बसले. आधी काही सुचेना. मग जुन्या सवयीनं वर मथळा घातला, 'थांबवणे', आणि हात आपोआप चालला. खाली एवढंच आहे: बाबा, आता येऊ नका. तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळलं. आईला आम्ही दोघं सांभाळतो, आमचं भांडण मिटलं आहे. टोपी जमिनीवरून उचलून ठेवली आहे. थांबा.

हा कागद मी नत्थुजींना दिला नाही. इतक्या वर्षांत चाचणी न केलेला माझा हा पहिलाच. त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून मीच मोठ्यानं वाचला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, वीज गेलेली होती. आई दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली.

बाबा गेले, केदार. मला हे लिहायला इतकी वर्षं लागली.

तुझी ताई

ता. क. हे पत्र टाकायला नत्थुजी मागत होते. दिलं नाही, मीच जाते आहे. निघण्याआधी घर झाडलं. खुर्चीखालचा केर हातात घेऊन, दारात उजेडात नेऊन पाहिला. काळी माती होती, आपली नेहमीची.